पत्ता नसलेलं रेडिओ केंद्र

पनवेलच्या आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक शब्द वारंवार येतो, डार्क वेब. बातम्यांत येतो, मुलांच्या बोलण्यात येतो. आणि धमकी देणाराही तोच शब्द वापरतो. "तुझे फोटो तिथे टाकीन, मला कोणी शोधू शकणार नाही." खरंच शोधता येत नाही का? त्यासाठी आम्ही एक जुनी गोष्ट घेतली आहे. ती रेडिओचीच आहे.

ऑगस्ट १९४२. मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'ची हाक दिली गेली आणि दुसऱ्या पहाटे मोठे पुढारी पकडले गेले. मग लोकांना बातमी कोण देणार? बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. निवेदनात पत्ता काय सांगायचे? ४२.३४ मीटरवरून, भारतात कुठून तरी! पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून हे लोक जागा बदलत राहिले. पुढे तर ध्वनिमुद्रण एका ठिकाणी आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी करू लागले.

अडीच-एक महिने हे चाललं. शेवटी फुटलं ते माणसामुळे. यंत्र बांधून देणारा तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवली. १२ नोव्हेंबरला उषाताईंना अटक झाली. चौकशीत त्या तोंड उघडायला तयार झाल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला.

आता इंटरनेटवरचं 'टॉर' नावाचं जाळं बघा. त्याचा पाया १९९० नंतर अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत घातला गेला आणि २००२ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. टॉरवरच्या लपलेल्या पत्त्यांच्या शेवटी 'अनियन' असतं, म्हणजे आपला कांदाच. चिठ्ठी एकात एक अशा तीन पाकिटांत घालायची. वाटेतला प्रत्येक जण एक पापुद्रा काढून पुढे देतो. मागचा कोण आणि पुढचा कोण एवढंच त्याला कळतं, सगळी वाट कोणालाच दिसत नाही. पत्रकारांना याचा आधार वाटतो, आणि चोरांनाही.

'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा बाजार याच जाळ्यावर २०११ मध्ये उभा राहिला. चालवणारा २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात पकडला गेला. कसा? पहिल्याच वर्षी त्याने एका जाहिरातीखाली स्वतःच्या नावाचा ईमेल दिला होता. कांद्याचे सगळे पापुद्रे शाबूत, आणि नाव मात्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं!

म्हणून "मला कोणी शोधणार नाही" या बोलण्याला घाबरून गप्प बसायचं नाही. आपली माहिती त्या बाजारात जायला आपण तिथे जावंच लागतं असंही नाही. एखाद्या कंपनीची नोंद चोरीला गेली की तिच्यासोबत आपला पासवर्डही जाऊ शकतो. तोच पासवर्ड गटाच्या बँकखात्याला असेल तर काय होईल, हे सांगायला नको. दोन्हींचे पासवर्ड वेगळे ठेवा. कुणी कितीही गोड बोलला तरी ओटीपी देऊ नका. आणि गंमत बघायला म्हणून त्या जाळ्यावरची कुठलीही फाइल उघडू नका.

धमकी आली तर मेसेज पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. हा नंबर आपल्याकडच्या बायकांना पाठ करावा लागत नाही. शेजारच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह त्याच सालचा. फोटोंची धमकी असेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पानावर तक्रार करता येते. बायका-मुलांच्या बाबतीतली तक्रार तिथे आपलं नाव न देताही करता येते.