समान दुःख, असमान शोक

समलिंगी प्रेमाला, म्हणजे स्त्रीला स्त्रीविषयी किंवा पुरुषाला पुरुषाविषयी वाटणाऱ्या प्रेमाला, मराठी रंगभूमीवर शोकात्म नायिकेची उंची दिली ती विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने. १९८१ साली हे नाटक विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले आणि सुमित्रा ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली. नाटकाची मांडणी विशेष अर्थपूर्ण आहे, कारण मित्राची कहाणी सांगणारा बापू स्वतः तिच्यावर प्रेम करतो, मित्राचे मन मात्र नमा या तरुणीत गुंतलेले असते. म्हणजे प्रतिसाद न मिळणाऱ्या प्रेमाची वेदना दोघांच्याही वाट्याला येते. तरीही बापू आयुष्य पुढे नेऊ शकतो आणि मित्राचा शेवट आत्मघातात होतो.

सचिन कुंडलकर यांच्या २००६ साली प्रकाशित झालेल्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीने हीच तुलना एका कुटुंबात आणली. पुण्यातील एका घरात भाड्याने राहायला आलेल्या, कादंबरीभर निनावी राहणाऱ्या तरुणावर तनय आणि अनुजा ही सख्खी भावंडे प्रेम करतात, आणि तो निघून गेल्यावर पूर्वार्धात भाऊ त्याला उद्देशून बोलतो, तर उत्तरार्धात बहीण रोजनिशी लिहिते. गमावलेला माणूस एकच असला तरी अनुजाचे दुःख घराला ठाऊक असते, त्यावर राग, चिंता आणि उपचार होतात; तनयच्या दुःखाला त्या घरात नावच नसते. घराबाहेर कायदाही तनयच्या बाजूने नव्हता: १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७, ज्याच्या आधारे समलिंगी संबंध गुन्हा मानले जात, ते प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला, म्हणजे या कादंबरीनंतर बारा वर्षांनी.

या कलाकृतींतील ओढ, मत्सर आणि विरह सर्वांचेच आहेत, असे म्हणणे खरे असले तरी तेवढ्यावर थांबल्यास त्यांचा निम्मा अर्थ हरवतो. भावना सार्वत्रिक आहे. ती चारचौघांत व्यक्त करण्याची मुभा मात्र सार्वत्रिक नाही. म्हणूनच पुण्यातील घराची ही गोष्ट जालना जिल्ह्यातील अंबड-भोकरदनच्या घरांनाही तोच प्रश्न विचारते: एकाच छताखाली दोन मुले रडत असतील, तर कोणाचे रडणे ऐकले जाते?