रोज पाऊण तास

घरच्या प्रवाळटाकीसाठी मी पंप, स्किमर, आरओ यंत्र असा संसार मांडला, तेव्हा बिलं बघून बायकोने डोक्याला हात लावला. मी तिला ॲना थिनची गोष्ट सांगितली. १८४६ साली या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला आणले. तिथे समुद्राचं पाणी मिळणार कुठून? म्हणून तेच पुन्हा वापरायचं. मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. माझ्या लेखी पहिला पंप तीच! पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं. प्राणवायूचं काम त्याच्याकडे गेलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिबागेत मत्स्यालय उघडलं आणि गाजले ते त्याला हातभार लावणारे निसर्ग-अभ्यासक फिलिप गॉस, थिनबाई नव्हेत.