कुरव : जाती, वावर आणि शास्त्रीय नावांची व्युत्पत्ती

कुरव हा लॅरिडी कुलातला, लांब पंखांचा आणि बोटांमध्ये पडदे असलेला पाणपक्षी. सुरय त्याच कुलातला, म्हणजे त्याचा जवळचा भाऊबंद. शहरी मराठीत कुरवाला सर्रास ‘सीगल’ म्हणतात. त्या नावातला समुद्र मात्र निम्म्याच कथेत आहे, कारण बऱ्याच जाती समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, गोड्या पाण्याच्या दलदलीत किंवा उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण घालतात आणि किनाऱ्यावर फक्त हिवाळा काढतात. जगभर मिळून कुरवाच्या सुमारे पन्नास जाती आहेत. कार्ल लिनियसने 1758 साली त्यांतल्या त्याला माहीत असलेल्या जातींना ‘लॅरस’ ही प्रजाती दिली. हा शब्द एका खादाड समुद्रपक्ष्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या ग्रीक शब्दावरून लॅटिनमध्ये आला होता. या नावांच्या व्युत्पत्त्या आणि पक्ष्यांचा वावर शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ठळक होते. कुरवाचे शास्त्रीय नाव बहुतेक वेळा पक्ष्याचे घर सांगत नाही. नाव देणाऱ्या माणसाची आणि त्या पक्ष्याची गाठ कुठे आणि कोणत्या ऋतूत पडली, ते सांगते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जॉर्ज ऑर्ड या अमेरिकन निसर्ग-अभ्यासकाच्या दोन नावांत आहे. 1815 साली फिलाडेल्फियात छापलेल्या एका भूगोलाच्या पुस्तकासाठी त्याने उत्तर अमेरिकेच्या प्राण्यांचा भाग लिहिला आणि त्यात दोन कुरवांना नावे दिली, ‘डेलावेअरेन्सिस’ आणि ‘फिलाडेल्फिया’. एक नाव नदीचे, दुसरे त्या नदीकाठच्या शहराचे. पहिल्या जातीच्या चोचीभोवती काळे कडे असते. ती पंचमहासरोवरांच्या परिसरात आणि कॅनडाच्या गवताळ प्रदेशात वीण घालते. दुसरी जाती अलास्का आणि कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलात, चक्क झाडावर घरटे बांधते. कुरवांमध्ये ही दुर्मीळ सवय आहे. फिलाडेल्फिया या दोघींच्याही वाटेवरचा मुक्काम आहे, माहेर नव्हे. भूगोलाच्या पुस्तकात जन्मलेली ही नावे भूगोलाच्या दृष्टीने चुकीची ठरतात. तरी एका हंगामात डेलावेअर नदीवर कोणते कुरव उडत होते, याची ती नेमकी नोंद आहेत.

‘पिपिक्सकान’ हे नाव तर याहून रोचक. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को एर्नांदेस हा स्पॅनिश वैद्य मेक्सिकोतल्या वनस्पती-प्राण्यांची स्थानिक, म्हणजे नाहुआत्ल भाषेतली नावे टिपून घेत होता. त्याच्या लेखनातला हा शब्द उचलून योहान वाग्लरने 1831 साली तो एका कुरवाला दिला. इंग्रजीत या पक्ष्याला ध्रुवीय प्रवासी जॉन फ्रँकलिनचे नाव आहे. हा कुरव उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातल्या गवताळ दलदलीत वाढतो आणि हिवाळ्यात पेरू व चिलीच्या किनाऱ्यावर जातो. मेक्सिको या दोन टोकांच्या मधला टप्पा आहे. पक्षी तिथून दरवर्षी जात-येत असल्यामुळे तिथल्या लोकांकडे त्याच्यासाठी शब्द होता. युरोपीय शास्त्राने स्थानिक शब्द जसाच्या तसा घेतल्याची उदाहरणे कुरवांत मोजकीच आहेत. कड्यांवर राहणाऱ्या तीनबोटी कुरवाच्या प्रजातीचे ‘रिस्सा’ हे नाव आइसलँडिक भाषेतून आलेले आहे, ते आणखी एक. मला ही दोन नावे साऱ्या यादीत सर्वांत मोलाची वाटतात, कारण त्या पक्ष्यांना संग्राहकाच्या बंदुकीआधीपासून ओळखणाऱ्या माणसांचा आवाज त्यांत उरला आहे. याच्या उलट टोकाला ‘झेमा’ हे प्रजातीचे नाव आहे. 1819 साली विल्यम लीचने तो शब्द स्वतःच घडवला, त्याला अर्थ नाही. त्याच वर्षी जोसेफ सबाइनने त्या प्रजातीतल्या जातीला आपल्या भावाचे, एडवर्डचे, नाव दिले. एडवर्डला हा पक्षी आदल्या वर्षी जॉन रॉसच्या मोहिमेत ग्रीनलँडजवळ मिळाला होता.

यावर कोणी म्हणेल की ही निवडक उदाहरणे झाली; कितीतरी नावे रंगरूपावरून किंवा आवाजावरून पडली आहेत, त्यांत गाठ पडण्याचा संबंध कुठे? आक्षेप रास्त आहे. ‘कॅनस’ म्हणजे करडा, ‘अर्जेंटॅटस’ म्हणजे चंदेरी, ‘हायपरबोरियस’ म्हणजे अति उत्तरेचा, आणि ही तिन्ही नावे आपापल्या पक्ष्यांना शोभतात. पण रूप सांगणाऱ्या नावांनाही ऋतू चिकटलेला असतो, आणि तो आपल्याच किनाऱ्यावर पाहता येतो. मुंबई-कोकणच्या खाड्यांत हिवाळ्यात येणाऱ्या एका कुरवाचे नाव ‘ब्रुनिसेफॅलस’, तपकिरी डोक्याचा. मद्रासच्या सैन्यात शल्यवैद्य असलेल्या थॉमस जर्डनने ते 1840 मध्ये दिले. हा पक्षी घरटे करतो लडाख, तिबेट आणि पामीरच्या सरोवरांवर, समुद्रसपाटीपासून हजारो मीटर उंचीवर. आपल्याकडे असताना त्याचे डोके बहुतेक काळ पांढरे असते, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. तपकिरी टोपी चढू लागते ती परतीच्या प्रवासाआधी, हिवाळा सरता सरता. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला या नावाचा अर्थ वर्षातून काही आठवडेच डोळ्यांनी पटतो.

त्याच खाडीत त्याच्या शेजारी ‘रिडिबंडस’ बसलेला असतो. लिनियसने 1766 मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थ हसरा. इंग्रजीत हा काळ्या डोक्याचा कुरव, पण विणीच्या हंगामात त्याची टोपी चॉकलेटी असते आणि मानेच्या मागपर्यंत पोचतही नाही. खरोखर काळे डोके आहे ते भूमध्य समुद्राकडच्या जातीचे, आणि ‘मेलॅनोसेफॅलस’, म्हणजे काळ्या डोक्याचा, हे शास्त्रीय नाव तिच्याकडे आहे. इंग्रजीत जिला हसरी म्हणतात ती अमेरिकेतली जाती मात्र शास्त्रात ‘अ‍ॅट्रिसिला’ आहे. हा शब्द काळ्या केसांचा या अर्थाच्या ‘अ‍ॅट्रिकॅपिला’ची चुकून झालेली मोडतोड असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

मग चुका माहीत असूनही नावे दुरुस्त का करत नाहीत? प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे उत्तर ठाम आहे. नाव अयोग्य आहे एवढ्या कारणावरून ते रद्द होत नाही. मला हा नियम पटतो. ‘फिलाडेल्फिया’ बदलून नवे नाव दिले, तर 1815 पासूनची प्रत्येक नोंद आणि संग्रहालयातली प्रत्येक चिठ्ठी एका नव्या शब्दाशी जोडून द्यावी लागेल. शिवाय वावर स्थिर नसतो, आज नेमके ठरणारे स्थलनाम शंभर वर्षांनी पुन्हा खोटे ठरू शकते. नात्यांची समज बदलली की बदलतो तो दोन शब्दांच्या शास्त्रीय नावातला पहिला, म्हणजे प्रजातीचा शब्द. 2005 मध्ये डीएनएवर आधारलेल्या अभ्यासाने दाखवले की जुन्या ‘लॅरस’मध्ये वेगवेगळ्या वंशशाखा कोंबल्या होत्या. त्यानंतर वर सांगितलेले आपल्या खाडीतले दोन्ही कुरव ‘क्रॉइकोसेफॅलस’ या, डोक्याच्या रंगावरूनच पडलेल्या प्रजातीत गेले. जर्डनचा आणि लिनियसचा दुसरा शब्द तसाच राहिला. व्यक्तिनामांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने 2023 मध्ये माणसांवरून पडलेली इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. त्यात फ्रँकलिनसारखी नावे जातील, पण शास्त्रीय नावांना तो निर्णय लागू नाही.

मराठी नावांना मात्र अशी कोणतीही संहिता बांधत नाही. ‘काळ्या डोक्याचा कुरव’ हे इंग्रजीवरून आलेले नाव वापरताना आपण तिकडची चूकही सोबत आणली, आणि ती टिकवण्याचे कारण आपल्यापाशी नाही. हिवाळ्यात दोन्ही कुरव ओळखायचे ते उडताना, पंखांवरून: तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठसठशीत ठिपके असतात, तर दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पट्टीसारखी चमकते. पाण्यावर बसलेले असतील तर पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या डोळ्याकडे पाहावे. पहिल्याचे बुबुळ फिकट असते, दुसऱ्याचे गडद.