आधी बोर्डला विचारा

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की जो रस्ता लागतो, त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बाजारात मात्र तो लॅमिंग्टन रोडच. लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून इथे रेडिओचे सुटे भाग मिळत. नाझच्या इमारतीत सिनेमा वितरकांच्या कचेऱ्या, मिनर्वात वर्षानुवर्षं चाललेला 'शोले', आणि अधल्यामधल्या गाळ्यांत व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर. भाग वेगवेगळे घ्यायचे, घरी नेऊन जोडायचे, एखादा जळला तर तेवढाच बदलायचा, ही सवय या रस्त्याला रेडिओने लावली. कॉम्प्युटर सुट्या भागांत आला तेव्हा त्याला इथे तयार बाजार मिळाला, असं माझं मत आहे.

1990च्या दशकात मी डोंबिवलीत असेंबलिंग करत होतो. सकाळी भाव विचारायचे, दुपारी माल उचलायचा, दादरला पूल ओलांडून गाडी बदलायची आणि मालडब्यातून कॅबिनेट, मॉनिटर घरी आणायचे. नव्या मशीनपेक्षा जास्त चौकशी जुन्याची असे. "हाच जरा फास्ट होईल का?" मग मी आधी कॅबिनेटचं झाकण उघडून मदरबोर्ड बघायचो. नवं काय बसेल हे बोर्ड ठरवतो, गिऱ्हाइकाची इच्छा त्यानंतर.

सुटा भाग बदलण्याची ही सोय मिळाली आयबीएममुळे. 12 ऑगस्ट 1981ला त्यांनी पहिला पीसी बाजारात आणला. त्यात पाच स्लॉट होते आणि आतली सर्किटं छापील पुस्तकात उघड केलेली होती. कोणीही कार्ड बनवावं आणि खोचावं. 1984च्या एटी मॉडेलमध्ये स्लॉट लांब झाले, पण जुनी कार्डं त्यांतही चालत. 1987मध्ये आयबीएमनेच पीएस/2 काढून स्लॉटची रचना बदलली आणि जुनी कार्डं निरुपयोगी केली. बाजाराने ती रचना स्वीकारली नाही. कॉम्पॅकसह इतर कंपन्या जुन्या कार्डांना सामावून घेणाऱ्या मार्गाने गेल्या, आणि ज्या कंपनीने पीसी जन्माला घातला तिच्याच हातून त्याची दिशा सुटली. या धंद्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना, असं मी मानतो. ती घडली नसती तर लॅमिंग्टन रोडवर एकेक भाग विकायला काही उरलं नसतं.

आपल्याकडे 1984च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल केली, 1991नंतर माल वाढला, आणि 1997च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 2005पर्यंत बहुतेक भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं.

मराठी कामाची अडचण मात्र वेगळीच होती आणि तिच्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी आणायची तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागे. ते आयबीएमच्या त्याच जुन्या, म्हणजे आयएसए, स्लॉटमध्ये बसे. पुढे विंडोजवर मराठी फॉन्टची पॅकेजं आली, त्यांतल्या बऱ्याच पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक येई. प्रिंटरच्या पोर्टला तो खोचल्याशिवाय प्रोग्राम उघडतच नसे. लग्नपत्रिका छापणारे एक डीटीपीवाले काका मला दर वेळी आधी विचारत, "अहो, नव्या बोर्डाला माझं लॉक लागेल ना?" प्रोसेसर कोणता, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांची सगळी मिळकत त्या बोटभर डबीवर होती. नव्या बोर्डांवरून आधी आयएसए गेला, मग प्रिंटरचं पोर्टही जाऊ लागलं, आणि जुनी मशीनं केवळ मराठीसाठी जपून ठेवली गेली. लिपीसाठी मशीन अडकून पडणं मला तेव्हाही अन्यायाचं वाटे, आजही वाटतं. युनिकोड रुळल्यावरच ही अडवणूक सुटू लागली.

रॅमचं गणित सरळ होतं, तरी त्यातही बोर्डाचा शब्द अखेरचा. विंडोज 95ला किमान 4 एमबी रॅम हवी असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं. तेवढ्यात पेजमेकर उघडला की हार्डडिस्कचा लाल दिवा विझतच नसे, कारण रॅममध्ये न मावलेलं सगळं डिस्कवर जाई. 16 एमबी झाले की तेच मशीन कामाला लागे. पण पेंटियमची डेटा बस 64 बिटांची आणि 72 पिनांची रॅम पट्टी 32 बिटांची, त्यामुळे पट्ट्या जोडीनेच घालाव्या लागत. एक पट्टी परवडते म्हणून आलेल्या माणसाला तसंच परत पाठवावं लागे.

आणि भाव! जुलै 1993मध्ये जपानमधल्या नीहामा इथे सुमितोमोच्या कारखान्याला आग लागली. चिपवरच्या आवरणाचं रेझिन तिथे बने, आणि जगभर रॅम महागली. 21 सप्टेंबर 1999ला तैवानमध्ये भूकंप झाला, कारखाने बंद पडले, पुन्हा तेच. 2011मध्ये थायलंडच्या पुराने हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, तेव्हा डिस्क काही आठवड्यांत कितीतरी महागल्या. सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी पाळता येत नसे.

डिस्कचीही बोर्डाशी भांडणं होती. बोर्डावरच्या जुन्या बायोसला 504 एमबीच्या पुढचं दिसत नसे. ती भिंत ओलांडली तर 8.4 जीबीची, मग 137 जीबीची. नवी डिस्क लावायची आणि तिचा अर्धा भाग मशीनला दिसायचाच नाही, असे दिवस होते.

एसएसडी आली आणि सगळी उतरंड बदलली. फिरत्या डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसरीकडे जायला कित्येक मिलिसेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला शंभरेक विखुरलेल्या नोंदी वाचल्या तर पुष्कळ. साधी साटा एसएसडी हजारोंनी वाचते. एवढ्या थोड्या पैशांत एवढा फरक करणारा दुसरा भाग माझ्या हातून कधी गेला नाही. साटाची जोडणी 2003पासूनची असल्यामुळे ती बऱ्याच जुन्या बोर्डांतही बसते. आज कोणाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये अजून फिरती डिस्क असेल, तर बाकी काही बघायच्या आधी ती बदलावी.

प्रोसेसरबाबत मी कायम नाही म्हणत आलो, कारण बहुतेक वेळा त्याच्याबरोबर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. खाच जुळली तरी खात्री नसते. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीचा सॉकेट दिसायला एकच, 1151 पिनांचा. तरीही आठवी पिढी जुन्या बोर्डांवर चालत नाही. नेमक्या त्याच सीमेवर विंडोज 11ने रेघ ओढली. विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि धडधाकट मशीनं एका दिवसात जुनी ठरली. याला अपवाद एएमडीच्या एएम4 बोर्डांचा: 2017च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून 2022चा प्रोसेसर बसतो. धंद्यातल्या माणसाने कौतुक करावं अशी ही गोष्ट आहे. इंटेलच्या जुन्या बोर्डावर मात्र प्रोसेसरसाठी पैसे घालू नका. एसएसडी लावा, रॅम 8 जीबी नसेल तर तेवढी करा, त्यावर लिनक्स टाका, मशीन आणखी काही वर्षं काम करेल.

ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल तर आधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघा. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असं नाही, आणि तो जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. 2000च्या आसपासच्या बोर्डांवरचे फुगलेले कॅपॅसिटर मी पुष्कळ बदलले आहेत. बोर्डावर तसा एक जरी दिसला, तर त्या मशीनवर नवा भाग चढवू नका.

खरेदीला निघण्याआधी झाकण उघडून बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन कागदावर लिहून घ्या, आणि कंपनीच्या यादीत तुमचा भाग आहे का ते बघूनच पैसे काढा.