पट्ट्याची कुळकथा

2009 च्या उन्हाळ्याअखेर एका बिबट्याने वसईचा औद्योगिक पट्टा ओलांडला, खाडीत उडी घेतली आणि पोहत पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठलं. त्याआधी तो मुंबई-आग्रा महामार्ग पार करून कसारा स्टेशनाजवळून गेला होता. माळशेज घाटापासून ही वाट सुमारे 120 किलोमीटरची. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा होता, म्हणून ती कळली.

हा नर टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढल्यावर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याच्या साथीने पट्टा चढवून त्याला माळशेजला सोडलं. वयस्क आणि शांत, म्हणून नाव पडलं आजोबा.

या पट्ट्याचं कूळ शोधायला निघालं की जंगल मागे पडतं आणि आपण थेट स्पुटनिकपाशी पोचतो. 4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत रशियाचा हा उपग्रह वर गेला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघे त्याची पिपाणी ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना तिचा सूर किंचित बदलायचा. तेवढ्यावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मक्ल्युअर यांनी हिशोब उलटा मांडला: कक्षा आधीच ठाऊक असेल, तर ऐकणारा जमिनीवर कुठे आहे तेही काढता येईल. त्यांच्या डोळ्यांसमोर पाणबुड्या होत्या. जनावरं कुणाच्या गावीही नव्हती.

जनावरांच्या गळ्यात रेडिओ आला तो वेगळ्या वाटेने. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी यलोस्टोनमधल्या ग्रिझली अस्वलांना रेडिओपट्टे बांधले. पण अँटेना हातात धरून अस्वलामागे डोंगर तुडवायचा तो माणसानेच. 1970 मध्ये त्यांनीच वायोमिंगमध्ये मोनिक नावाच्या एल्क हरणीला पट्टा बांधून निंबस-3 या हवामान उपग्रहाशी जोडलं. दोन्ही घराण्यांची सोयरीक इथे जुळली. मोनिकचा पट्टा होता दहा किलोंहून जड! आजचा दंडक असा, की पट्टा जनावराच्या वजनाच्या 3 ते 5 टक्क्यांच्या आत हवा. 60 किलोंच्या बिबट्याला म्हणजे फार तर दोन-तीन किलो. मोनिकच्या पट्ट्याचं धूड आजोबाच्या मानेवर चढवलं असतं तर तो माळशेज उतरला नसता.

पुढचा प्रवास वजन उतरवण्याचा आणि जागा अचूक काढण्याचा. 1978 मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह गेला. त्याच वर्षी अर्गोस ही उपग्रहावरून जागा काढणारी फ्रेंच-अमेरिकी यंत्रणा सुरू झाली. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि पूर्वी शंभरेक मीटर इकडेतिकडे होणारी जागा थोड्या मीटरांवर आली.

एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय: उपग्रह वरून बिबट्याकडे बघतो. जीपीएसचे उपग्रह काहीच बघत नाहीत. ते फक्त अचूक वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतात. मानेच्या वर अँटेना आणि गळ्याखाली बॅटरीची डबी असलेला पट्टा तेवढं ऐकतो आणि आपली जागा आपणच काढतो. बॅटरी पुरावी म्हणून ठरलेल्या वेळीच जागा होतो, मोबाइलची रेंज मिळाली की साठवलेल्या जागा पाठवतो, नाही मिळाली तर थांबतो. दाट झाडीत एखादी नोंद हुकतेही. म्हणजे हाती येतात ते नुसते ठिपके. रेघ माणूस ओढतो. एक ठिपका खाडीच्या अलीकडे, पुढचा पलीकडे, तेव्हा मधलं पाणी त्याने पोहून कापलं हे नकाशा बघून समजायचं. ठिपक्याच्या जागी तो निजला होता की शिकार खात होता, हे बघायला पायीच जावं लागतं: ठसे, विष्ठा, हाडकं आणि आसपासच्या लोकांशी बोलणं.

अत्रेय यांच्या अभ्यासात आजोबासह पाच बिबट्यांना पट्टे होते. रात्री ते घरांच्या अगदी जवळून फिरत आणि घरातल्यांना पत्ताही नसे. पकडून लांब सोडलेले बिबटे तिथे टिकले नाहीत, निघून गेले. बिबट्या दिसला की ‘उचलून जंगलात सोडा’ असा धोशा लावणाऱ्यांनी हे वाचायला हवं. आजोबाचं जंगल कोणतं, हे त्याने चालून दाखवलंच होतं.

1 डिसेंबर 2011 ला महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. ओळख पटली ती कातडीखालच्या मायक्रोचिपवरून. तिला ना बॅटरी लागते ना उपग्रह. 2014 मध्ये सुजय डहाकेंनी त्याच्यावर ‘आजोबा’ हा चित्रपट केला. फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय उद्यानातल्या सावित्री या मादीला आणि महाराजा या नराला पट्टे चढले.

मार्च 2024 च्या अखेरीस वसई किल्ल्यात बिबट्या दिसू लागला. वनखात्याने कॅमेरे लावले, पिंजरे मांडले आणि तीनेक आठवड्यांनी तो पिंजऱ्यात आला. पण खाडी पोहून आला की तुंगारेश्वरच्या जंगलाकडून वस्ती ओलांडत उतरला, हे सांगायला या खेपेस ठिपके नव्हते.