जोखमीच्या जागी हुकमी खेळाडू : कितपत योग्य?

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गावर जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच मैदानावर ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव अवघ्या ९१ धावांत आटोपला आणि भारताने ती कसोटी एक डाव व १३२ धावांनी जिंकली. रविचंद्रन अश्विनने ३७ धावांत ५ गडी बाद केले. या पडझडीची सुरुवात झाली ती उस्मान ख्वाजाच्या झेलाने. स्लिपमध्ये हा झेल टिपणारा खेळाडू होता विराट कोहली. ज्याच्या बॅटवर संघाची मोठी भिस्त, तोच फलंदाज बोटांना इजा होण्याची शक्यता अधिक असलेल्या जागी उभा होता.

क्रिकेटमधील हा जुना वाद येथूनच सुरू होतो. मुख्य फलंदाजाला किंवा गोलंदाजाला जोखमीच्या जागी क्षेत्ररक्षणास उभे करावे की त्याला जपावे? झेल सुटला तर सामना हातचा जातो. पण हुकमी खेळाडू जायबंदी झाला तर संपूर्ण मालिका हातची जाऊ शकते.

जोखीम तीन प्रकारची

क्षेत्ररक्षणातील धोका सर्वत्र सारखा नसतो. फॉरवर्ड शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट या जागा फलंदाजापासून दोन-तीन मीटरच्या अंतरावर असतात. तेथे जोरकस फटका अंगावर आल्यास डोळ्यांची पापणी लवण्याइतकाही अवधी मिळत नाही. डोके, चेहरा आणि छाती यांना तेथे थेट धोका असतो. स्लिपमध्ये मुख्य धोका बोटांना व अंगठ्याला असतो. म्हणूनच वेगवान गोलंदाजांना सहसा स्लिपमध्ये उभे केले जात नाही. दोन षटकांच्या मधल्या काळात त्यांना सीमारेषेजवळ विसावा दिला जातो. तिसरा धोका झेपावण्याचा, वेगाने धावण्याचा आणि सहकाऱ्याशी टक्कर होण्याचा. तो मैदानाच्या कोणत्याही कोपऱ्यात उद्भवू शकतो.

सोलकर यांचा वारसा

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा एकनाथ सोलकर यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातील मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा हा मुलगा २७ कसोटी सामने खेळला आणि त्यात त्याने ५३ झेल घेतले. म्हणजे सामन्यामागे जवळपास दोन. हेल्मेट प्रचारात येण्यापूर्वीच्या त्या काळात सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उघड्या डोक्याने उभे राहात. १९७१ मध्ये ओव्हलवर भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी टिपून इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला. त्याच डावात वेंकटराघवन यांच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल सोलकर यांनी झेपावून टिपला. अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडमध्ये मिळवलेल्या पहिल्या मालिका विजयात त्या झेलाचा वाटा मोठा मानला जातो.

सोलकर डावखुरे फलंदाज व उपयुक्त गोलंदाजही होते. १९७५ मध्ये मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी शतक झळकावले. तथापि त्यांची खरी ओळख क्षेत्ररक्षणाचीच. ते त्या जागी उभे राहिले ते त्या कामात तेच सर्वांत तरबेज होते म्हणून. जानेवारी १९७७ मध्ये बंगळुरू येथे महाराष्ट्राकडून खेळलेल्या यजुर्वेंद्र सिंग यांनी कसोटी पदार्पणातच फलंदाजाच्या निकट उभे राहून सामन्यात ७ झेल घेतले व तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी केली. हा विक्रम ऑगस्ट २०१५ मध्ये गॉल येथे मागे टाकला तो मुंबईच्या अजिंक्य रहाणेने. त्याने त्या सामन्यात ८ झेल टिपले. रहाणे तेव्हा संघाच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ होता.

सुनील गावसकर यांनी १२५ कसोटींत १०८ झेल घेतले. यष्टिरक्षक नसताना शंभर झेलांचा टप्पा गाठणारे ते पहिले भारतीय. राहुल द्रविडचे २१० झेल २०२५ मध्ये जो रूटने मागे टाकेपर्यंत विश्वविक्रम म्हणून कायम होते. हे दोघेही आपापल्या काळातील सर्वांत मोलाचे फलंदाज होते. त्यांना जपण्यासाठी स्लिपमधून हलवले असते, तर त्यांच्या गोलंदाजांचे किती बळी हुकले असते, याची कल्पना करता येते.

तीन चेंडूंसाठी

या वादाची दुसरी बाजू रमण लांबा यांच्या मृत्यूने समोर आणली. भारताकडून ४ कसोटी व ३२ एकदिवसीय सामने खेळलेले लांबा ढाक्यातील लीगमध्ये अबाहनी संघाचे नावाजलेले परदेशी खेळाडू होते. २० फेब्रुवारी १९९८ रोजी षटकाचे तीन चेंडू उरलेले असताना ते फॉरवर्ड शॉर्ट लेगला गेले. तीनच चेंडूंचा प्रश्न असल्याने त्यांनी हेल्मेट घेतले नाही. फटक्याचा चेंडू डोक्यावर आदळून यष्टिरक्षकाच्या हाती विसावला आणि फलंदाज बाद झाला. तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारी रोजी लांबा यांचे निधन झाले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. त्या दिवशी उणीव होती ती संरक्षणाची. अनुभव, कौशल्य किंवा कीर्ती यांपैकी काहीही हेल्मेटची जागा घेऊ शकत नाही.

जपूनही धोका टळतो का?

नामांकित खेळाडूला निकटच्या जागेवरून हलवले म्हणजे तो सुरक्षित झाला, हा समजही फसवा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिडनी येथे भारताच्या एकदिवसीय संघाचा उपकर्णधार श्रेयस अय्यर ॲलेक्स कॅरीचा झेल घेण्यासाठी मागे धावत गेला. झेल पूर्ण झाला; मात्र पडताना त्याच्या प्लीहेला इजा होऊन अंतर्गत रक्तस्राव झाला. त्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेला तो मुकला. याच अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्यात चेंडू अडवताना निखळला होता. पुण्याजवळील गहुंजे येथेच ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकाच्या सामन्यात स्वतःच्या गोलंदाजीवरील फटका पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला आणि त्याची स्पर्धा तेथेच संपली.

नागपुरात जन्मलेल्या रोहित शर्माचा अंगठा डिसेंबर २०२२ मध्ये मीरपूर येथे स्लिपमध्ये जायबंदी झाला. संघ अडचणीत असल्याने तो नवव्या क्रमांकावर फलंदाजीस आला व २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा केल्या. तरी सामना ५ धावांनी हातचा गेला आणि पुढील कसोटी मालिकेत कर्णधाराविना खेळावे लागले. २०२३ च्या आयपीएलमध्ये केन विल्यमसनचा गुडघा षटकार अडवताना, तर लोकेश राहुलची मांडी चेंडूमागे धावताना दुखावली. राहुलला जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना त्यामुळे खेळता आला नाही.

या उदाहरणांत शॉर्ट लेगची एकही घटना नाही. धोका मैदानभर विखुरलेला असेल, तर एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लपवल्याने तो नाहीसा होत नाही.

नियम काय सांगतात?

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण, बचाव आणि पायाने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठीची विशेष पथके वेगवेगळी असतात. त्यामुळे प्रमुख खेळाडूला विशेष पथकात उतरवावे की नाही, हा निर्णय तेथे प्रशिक्षकाच्या हाती असतो. १९९८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा प्रमुख बचावपटू जेसन सिहॉर्न सरावसामन्यात चेंडू परतवण्यासाठी उतरला, गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा झाली आणि तो संपूर्ण हंगामाला मुकला. हा वाद तेथे आजही उगाळला जातो.

क्रिकेटमध्ये अशी मुभा मर्यादित आहे. फलंदाजी करणाऱ्याला क्षेत्ररक्षणही करावेच लागते. बदली क्षेत्ररक्षक दुखापत वा आजारपणाच्या कारणास्तव व पंचांच्या संमतीने मिळतो. त्याला गोलंदाजी करता येत नाही. २००५ मध्ये ट्रेंट ब्रिज येथे बदली खेळाडू गॅरी प्रॅटने रिकी पाँटिंगला धावबाद केले, तेव्हा इंग्लंड आपल्या गोलंदाजांना विश्रांती देण्यासाठी या नियमाचा आधार घेत असल्याची तक्रार पाँटिंगने जाहीरपणे केली होती. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याला मार बसून मेंदूला धक्का पोहोचल्यास पूर्ण बदली खेळाडू घेता येतो. आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’च्या नियमाने मात्र निराळी वाट उघडली. २०२५ च्या हंगामात काही सामन्यांत रोहित शर्मा केवळ फलंदाजीपुरता मैदानात उतरला. २०-२० च्या सामन्यात हे शक्य असले, तरी रणजी करंडकात वा कसोटीत तसा मार्ग नाही.

विदर्भासाठी अर्थ

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी विजेतेपदे मिळवली. शेवटच्या हंगामात डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा नवा विक्रम केला. फिरकी हे ज्या संघाचे बलस्थान, त्याला निकटच्या क्षेत्ररक्षकांवाचून चालत नाही. संघटनेच्या कक्षेतील ११ जिल्ह्यांमध्ये वर्ध्याचाही समावेश आहे आणि खरा प्रश्न उभा राहतो तो याच पातळीवर.

संघात नव्याने आलेल्या मुलाला शॉर्ट लेगला उभे करण्याची प्रथा जुनी आहे. ज्येष्ठाला नकार देता येतो, नवख्याला येत नाही. परिणामी मोठ्या खेळाडूला जपण्याची किंमत बहुधा लहान खेळाडू मोजतो. नामांकित खेळाडूच्या पाठीशी वार्षिक करार, फिजिओ आणि बंगळुरू येथील राष्ट्रीय केंद्र असते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या मैदानावरील मुलाला सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयात उपचार मिळतील. पण पुढील काही महिन्यांच्या विश्रांतीचा, हुकलेल्या निवड चाचणीचा आणि बुडालेल्या अभ्यासाचा भार त्याच्या घरालाच सोसावा लागतो.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने याबाबत स्पष्ट मर्यादा आखल्या आहेत. स्लिपसारख्या मागील बाजूच्या जागा वगळता १५ वर्षांखालील मुलांना फलंदाजापासून ८ यार्डांच्या आत, तर १३ वर्षांखालील मुलांना ११ यार्डांच्या आत उभे राहू दिले जात नाही. अशी शिस्त जिल्हा व शालेय स्पर्धांतही पाळता येण्याजोगी आहे.

हे सारे पाहता मूळ प्रश्नाचे उत्तर खेळाडूच्या कीर्तीवर अवलंबून ठेवणे उचित नाही. जो त्या जागेचा उत्तम क्षेत्ररक्षक, तोच तेथे उभा राहावा. मग तो कर्णधार असो वा नवखा. निकाल ठरलेल्या सामन्यात किंवा जुनी दुखापत असताना हुकमी खेळाडूला विसावा देणे शहाणपणाचेच. पण त्याच्या जागी जाणाऱ्याचा सराव झालेला असावा आणि हेल्मेट, नडगीरक्षक व अन्य साधने त्याच्या अंगावर असावीत. त्याची तयारी नसेल तर तेथे कोणालाही उभे न करता एक झेल सोडून देणे अधिक श्रेयस्कर. तीन चेंडूंसाठीसुद्धा हा नियम मोडू नये.