अध्ययन-उद्दिष्टांचा क्रम
तांत्रिक प्रमाणपत्र प्रशिक्षणात कोणते ज्ञान व कौशल्य आधी आणि कोणते नंतर द्यायचे, याची आखणी. पुढील कामास आवश्यक असलेली क्षमता आधी शिकवणे, हे तिचे मूळ तत्त्व. भारतात १९५० साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेतील दोन वर्षांचा वीजतंत्री व्यवसाय हे याचे ठळक उदाहरण. त्यात प्रथम सुरक्षितता व हत्यारांची हाताळणी, मग तारांचे जोड, ओहमचा नियम, विद्युत मंडले, वायरिंग व अर्थिंग येते. मोटारींचे वाइंडिंग व दोषशोधन त्यानंतर. धोक्याच्या कामापूर्वी सुरक्षेचे पाठ अपरिहार्य असतात. हा क्रम ठरवणारा अभ्यासक्रम राष्ट्रीय असल्याने महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मंठाळसारख्या गावातील प्रशिक्षणार्थी कर्नाटकातील आयटीआयमध्ये शिकला, तरी त्याचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र महाराष्ट्रातही ग्राह्य ठरते.